फोटोतून कापलेली आई

अमेरिकेत 'सुपर बोल' नावाचा एक सामना असतो. (हा फुटबॉल त्यांचा, आमच्या फातोर्ड्याचा नव्हे.) ह्या सामन्यातल्या जाहिराती लोक सामन्याइतक्याच आवडीने बघतात. २०२१ साली तिथे अर्ध्या मिनिटाच्या जागेचा भाव पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास होता. टोयोटा कंपनीने त्या वर्षी एक मिनिट घेतले आणि त्या मिनिटात मोटारगाडीची तारीफ केलीच नाही. एक तरुणी पाण्यातून पोहत जाते आणि त्याच पाण्यात तिचे आयुष्य उभे राहत जाते. मध्यावर एक घर दिसते. तिथल्या बाईला फोन येतो: तुमच्यासाठी मुलगी सापडली आहे, पण ती सैबेरियात आहे, तिच्या पायांत जन्मजात दोष आहे, पाय कापावे लागतील, तिचे आयुष्य सोपे असणार नाही. बाई म्हणते, सोपे नसेल, पण विलक्षण असेल. मग पदके, टाळ्या आणि शेवटी कंपनीचे नाव.

ती पोहणारी मुलगी खरी आहे. जेसिका लाँग हे तिचे नाव. पॅरालिम्पिकमध्ये दहाहून अधिक सुवर्णपदके मिळवलेली ही बाई कुणाच्याही कौतुकाला पात्र आहे. तिला वाढवणारे आई-वडीलही. माझे भांडण त्यांच्याशी नाही. माझे भांडण त्या एका मिनिटाशी आहे, कारण त्यात एक माणूस नाही. १९९२ साली सैबेरियातल्या ब्रात्स्क शहराजवळ ज्या पोरीने ह्या मुलीला जन्म दिला, ती नाही. ती तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती आणि बाप सतरा वर्षांचा. पुढे त्या दोघांनी लग्न केले, त्यांना आणखी मुले झाली. २०१३ साली जेसिका स्वतः रशियात जाऊन त्यांना भेटून आली. त्या भेटीचा माहितीपट २०१४ च्या सोची ऑलिम्पिकच्या वेळी अमेरिकन दूरचित्रवाणीवर लागला होता. म्हणजे २०२१ साली जाहिरात करणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही. ठाऊक असून त्यांनी तिला वगळले. कारण ती चित्रात आली की चित्र बिघडते. प्रेक्षक विचारतो, सोळा वर्षांच्या पोरीला त्या इस्पितळात कुणी काय सांगितले? तिला मूल ठेवायचे होते का? आणि हे प्रश्न विचारणारा माणूस मोटार विकत घेण्याच्या मनःस्थितीत उरत नाही.

जाहिरात असो, सिनेमा असो की वर्तमानपत्रातली रविवारची पुरवणी, आंतरदेशीय दत्तकाची गोष्ट सांगण्याचे तीन नियम ठरून गेलेले आहेत. पहिला नियम: मुलाचे आयुष्य अनाथाश्रमाच्या पाळण्यात सुरू होते, त्याच्या आधी काही नसते. दुसरा: मुलाला कुणीही नसते, आणि असलेच तर ते व्यसनी, क्रूर किंवा मेलेले असते. तिसरा: गोष्ट विमानतळावर संपते. फुगे, फलक, मिठ्या, डोळ्यांत पाणी, समाप्त. आमच्या मराठी पत्रांनी हे तिन्ही नियम न शिकवता आत्मसात केले आहेत. 'कचराकुंडीतून थेट इटलीत', 'अनाथ चिमुकलीला मिळाले सातासमुद्रापार घर', 'नशीब फळफळले' अशा चालीचे मथळे आपल्याला पाठ आहेत. सोबत फोटो: साहेबांचे दालन, हारतुरे, परदेशी जोडपे आणि मधे बावरलेले लेकरू. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे, ही गोष्ट फोटो काढणाऱ्याच्या, छापणाऱ्याच्या आणि पुष्कळदा साहेबांच्याही गावी नसते.

तुम्ही म्हणाल, एका मुलाचे भले झाले, त्याचा आनंद छापला तर तुमच्या पोटात का दुखते? दुखते, कारण हे चित्र निरुपद्रवी नाही. चित्राने मागणी तयार होते आणि मागणीने माल. शब्द कठोर आहे, पण इतिहास ह्याहून कठोर आहे.

१९७५ च्या एप्रिलमध्ये सायगाव पडण्याच्या बेतात असताना अमेरिकेने 'ऑपरेशन बेबीलिफ्ट' नावाची मोहीम काढली आणि अडीच-तीन हजार मुले व्हिएतनाममधून उचलली. ४ एप्रिलला पहिल्याच मोठ्या विमानाला अपघात झाला, त्यात १३८ माणसे गेली, त्यांतली ७८ मुले होती. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष फोर्ड सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर बाळाला कडेवर घेऊन कॅमेऱ्यासमोर आले. युद्ध हरलेल्या देशाला एक तरी गोड फोटो हवा होता, तो मिळाला. थोड्याच दिवसांत अमेरिकेच्याच न्यायालयात खटला उभा राहिला, कारण ह्यांतली बरीच मुले अनाथ नव्हती. युद्धाच्या धामधुमीत जीव वाचावा म्हणून आई-बापांनी त्यांना आश्रमात ठेवले होते. फोटो आजही छापला जातो. खटला किती जणांना आठवतो?

१९८९ च्या डिसेंबरात रुमानियात चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतली भयानक दृश्ये टीव्हीवर आली. दृश्ये खरी होती, त्यांत खोट काही नव्हती. पण ती पाहून पाश्चात्त्य देशांतून जी रीघ लागली, तिच्यापैकी अनेकांनी त्या आश्रमांतली आजारी, मोठी मुले उचललीच नाहीत. दलाल गावोगाव फिरले आणि गरिबांच्या घरांतली धडधाकट तान्ही मुले पैसे देऊन आणली गेली. ज्या मुलांची दृश्ये दाखवून अश्रू काढले, ती बहुतेक तिथेच राहिली. २००१ मध्ये रुमानियाला हा व्यवहार थांबवावा लागला.

२००७ साली फ्रान्समधल्या 'झोईज आर्क' संस्थेची माणसे चाडमध्ये १०३ मुले विमानात चढवण्याच्या तयारीत पकडली गेली. दारफूरच्या युद्धातले अनाथ, असे सांगितले होते. तपासात निघाले की बहुतेक मुले चाडचीच होती आणि त्यांच्या घरी माणसे होती. २०१० च्या जानेवारीत हैतीला भूकंप झाला, तेव्हा एक अमेरिकन मंडळी ३३ मुले बसमध्ये घालून सीमेपार नेताना सापडली. पुन्हा तेच. बहुतेकांचे आई-बाप जिवंत. ही सगळीच माणसे काही राक्षस नव्हती. त्यांच्या डोक्यात ते चित्र इतके पक्के बसले होते की समोर उभी असलेली आई त्यांना दिसलीच नाही.

अनाथ म्हणजे कोण, हा सगळ्या वादाचा कणा आहे. युनिसेफच्या नावाने जगात चौदा कोटी अनाथ असल्याचा आकडा जाहिरातींत फेकला जातो. २०१५ सालचा हा आकडा खरा आहे, पण त्यात एकच पालक गेलेली मुलेही धरलेली आहेत. आई-बाप दोघेही नसलेली मुले त्यांत दीड कोटीच्या आसपास होती आणि त्यांतलीही पुष्कळशी आजीकडे, मामाकडे, काकाकडे वाढत होती. तुमच्या वाड्यावर एखाद्याचा बाप गेला आणि आई शेतात राबून पोर वाढवते आहे, तर त्या पोराला तुम्ही अनाथ म्हणाल का? त्या आईच्या तोंडावर म्हणून बघा!

आम्हां गोमंतकीयांना हा खेळ नवा नसावा. २३ मार्च १५५९ रोजी पोर्तुगालच्या राजाच्या नावाने फर्मान निघाले की ज्या हिंदू मुलांना आई-बाप, आजा-आजी नाहीत, त्यांना ताब्यात घेऊन सेंट पॉल कॉलेजात जेझुइटांच्या हवाली करावे, तिथे त्यांचा बाप्तिस्मा आणि शिक्षण व्हावे. कागदावर ही दयाच होती. अंमलात ती व्याख्या सैल होत गेली आणि बाप गेला की आई जिवंत असतानाही मूल अनाथ ठरू लागले. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात हे सगळे नोंदले आहे. लेकरे लपवून रातोरात नदीपलीकडे पळालेल्या विधवांच्या ह्या भूमीत आपण राहतो. हे मी आजच्या कुणा शेजाऱ्याला टोचण्यासाठी सांगत नाही, चार-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या फर्मानाचा जाब आजच्या माणसाला विचारणे मूर्खपणाचे आहे. सांगायचे एवढेच की अनाथाची व्याख्या करण्याचा अधिकार ज्याला मूल हवे आहे त्याच्याच हाती गेला की काय होते, हे आमच्या मातीने पाहिलेले आहे.

आता आपल्या भाषेकडे या. इंग्रजीत जो शब्द वापरतात त्याच्या मुळाशी निवडणे आहे. तो घेणाऱ्याचा शब्द आहे. आपला शब्द 'दत्तक'. दत्त म्हणजे दिलेला. ह्या शब्दात देणारा आधी येतो, घेणारा मागाहून. जुन्या दत्तविधानात देणाऱ्याने चारचौघांत मूल द्यायचे आणि घेणाऱ्याने मांडीवर घ्यायचे, तेव्हाच ते पूर्ण होई. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही प्रत्यक्ष देणे आणि घेणे ही अट ठेवली. १८७५ साली कवळाण्याच्या गायकवाड कुटुंबातला मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्याचा जन्म कुठला, जनक कोण, हे कुणी लपवले नाही. आता ह्या जुन्या प्रथेचे मी गोडवे गात नाही. ती मुलग्यांची होती, वारशाची होती, जातीच्या कुंपणातली होती. पण देणाऱ्याला पुसून टाकण्याचे पाप तिने केले नाही.

आणि आमच्या माशेलचा देव तर पहा. कृष्णाची देवळे देशभर आहेत. यशोदेच्या मांडीवरचा, राधेच्या शेजारचा, एकटा बासरीवाला कृष्ण सगळीकडे. माशेलला मात्र देवकीकृष्ण आहे. जन्म देणारी, बंदिवासात मूल गमावलेली देवकी तिथे बाळकृष्णासह पुजली जाते. पोर्तुगीज अमलात हा देव चोडणहून हलवावा लागला, तेव्हा भक्तांनी देवाबरोबर देवाची आईही नेली. देवकी आणि यशोदा ह्यांत खरी कोण, असा प्रश्न आपल्या परंपरेला कधी पडला नाही. दोन्ही खऱ्या. टोयोटाच्या एका मिनिटात यशोदेला जागा आहे, देवकीला नाही.

आता धंद्याकडे वळू. कोरियात युद्ध १९५३ साली थांबले आणि १९५५ पासून तिथली मुले अमेरिकेत जाऊ लागली. आरंभी ती खरोखर युद्धाची झळ लागलेली मुले होती. पण सर्वांत जास्त मुले कधी गेली? १९८० च्या दशकात, देश श्रीमंत होत असताना, ऑलिम्पिकची तयारी चालू असताना. एकूण सुमारे दोन लाख मुले गेली असे मानतात. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच देशाच्या सत्यशोधन आयोगाने सांगितले की आई-बाप माहीत असलेल्या मुलांची अनाथ म्हणून खोटी नोंद झाली, एका मुलाची ओळख दुसऱ्याला चिकटवली गेली आणि सरकारने आपले कर्तव्य केले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. सत्तर वर्षे! सत्तर वर्षे ह्या मुलांना सांगितले जात होते की तुम्ही टाकलेली आहात, तेव्हा उपकार माना.

ग्वाटेमालात २००७ ह्या एका वर्षात साडेचार हजारांहून अधिक मुले अमेरिकेला गेली. तिथे जन्मणाऱ्या दर शंभरांतले एक बाळ परदेशी चालले होते. दर मुलामागे पंचवीस-तीस हजार डॉलर. चोरीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्याच वर्षाअखेर दरवाजा बंद करावा लागला. इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली. चीनने दीड लाखांहून अधिक मुले पाठवून २०२४ मध्ये हा मार्ग जवळपास बंद केला. नेदरलँड्समध्ये २०२१ साली चौकशी समितीने गैरप्रकारांवर ठपका ठेवला आणि नवी दत्तके थांबवावी लागली. २००४ साली अमेरिकेत जवळजवळ तेवीस हजार मुले बाहेरून आली होती. २०२३ मध्ये ती संख्या तेराशेच्याही आत आली. जग गरीब राहिले नाही म्हणून ही घट झाली, असे समजू नका. कागद तपासायला सुरुवात झाली, हे ह्या घटीचे एक मोठे कारण आहे.

आपल्याकडे काय? १९९९ आणि २००१ मध्ये हैदराबादच्या काही संस्थांचा बोभाटा झाला. नलगोंड्याकडच्या लंबाडा तांड्यांवरून तान्ह्या मुली काही हजारांत घेतल्या जात आणि परदेशी पाठवल्या जात. ह्याच सुमारास, १९९८ साली, डेव्हिड स्मोलिन ह्या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकाने आंध्रातून दोन बहिणी दत्तक घेतल्या होत्या. घरी आल्यावर मुलींनी सांगितले की आमची आई आहे. आईने त्यांना तात्पुरते संस्थेत ठेवले होते, कायमचे दिले नव्हते. दुसऱ्या कुणी हे कपाटात कुलूप लावून ठेवले असते. स्मोलिनने त्यावर आयुष्यभर लिहिले. त्याने ह्या प्रकाराला पैशांच्या लाँडरिंगवरून नाव दिले. मराठीत त्याला काळ्याचे पांढरे करणे म्हणतात. पळवलेले, फसवून घेतलेले मूल एका टोकाने आत जाते, शिक्के बसतात आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ, कायदेशीर अनाथ बाहेर पडते. चेन्नईत २००५ साली रस्त्यावरून पळवलेली मुले अशीच परदेशी गेल्याचे उघडकीस आले. पुण्यातल्या प्रीत मंदिर संस्थेचे प्रकरण २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयकडे गेले.

कायदा नव्हता का? होता. लक्ष्मीकांत पांडे ह्या वकिलाच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सविस्तर निर्णय दिला, १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय यंत्रणा उभी राहिली आणि २००३ मध्ये भारताने हेग करार स्वीकारला. आज संगणकावर नोंद असते, पूर्वीचा मोकाट कारभार उरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ह्या कायद्यात एक जाहिरात आहे, तिच्याकडे जरा पाहा.

बेवारस सापडलेल्या मुलाचे आई-बाप शोधण्यासाठी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. दोन वर्षांखालचे मूल असेल तर दोन महिने, मोठे असेल तर चार महिने वाट पाहायची, कुणी आले नाही तर मूल दत्तकासाठी मोकळे. तुम्ही ती सूचना पाहिली असेल. आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या दाखल्यांच्या शेजारी, दोन बोटे जागेत, शाई पसरलेला एक चेहरा, खाली सरकारी मराठीतली चार वाक्ये. ही जाहिरात कुणासाठी आहे? ऊसतोडीला गेलेल्या, गोव्यात बांधकामावर विटा वाहणाऱ्या, अक्षर न ओळखणाऱ्या त्या बाईसाठी. तिने ते पान उघडावे, चेहरा ओळखावा आणि मुदतीच्या आत तालुक्याच्या गावी हजर व्हावे, अशी अपेक्षा आहे. मूल देण्याच्या जाहिरातीला एक कोटी डॉलर आणि मूल परत मिळण्याच्या जाहिरातीला दोन बोटे जागा. माझा सगळा वाद मला ह्या एका तुलनेत सांगता येईल.

'लायन' हा सिनेमा (२०१६) पुष्कळांनी पाहिला असेल. खांडव्याचा पाच वर्षांचा मुलगा १९८६ साली बऱ्हाणपूरला गाडीत झोपी जातो, कोलकात्याला पोचतो आणि १९८७ मध्ये टास्मानियात दत्तक जातो. पंचवीस वर्षांनी संगणकावरचे नकाशे धुंडाळून तो खांडव्याला परततो. आई तिथेच! सरू ब्रायर्लीची ही कथा खरी आहे आणि सिनेमाने त्या आईला चेहरा दिला, ह्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण माध्यमांनी नायक कुणाला केले? गूगल अर्थला. उपग्रहाने आई शोधून दिली म्हणून जगभर कौतुक झाले. उलटा प्रश्न कुणी केला नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होऊन तीन वर्षे झाली असताना, बोलता येणाऱ्या, गावाचे मोडकेतोडके नाव सांगणाऱ्या मुलाची आई कोलकात्यात कुणाला का सापडली नाही? खांडवा म्हणजे काही उत्तर ध्रुव नव्हे. इंदूर-भुसावळच्या आपल्या मंडळींचे येण्याजाण्याचे जंक्शन ते. जे काम रेल्वे पोलिसांच्या चार तारांनी व्हायचे, ते व्हायला उपग्रह आणि पाव शतक लागले. ही तंत्रज्ञानाच्या विजयाची गोष्ट आहे, की आपल्या नाकर्तेपणाची?

आणि विमानतळानंतर? २०१३ साली रॉयटर्स वृत्तसंस्थेने उघड केले की अमेरिकेत नकोशी झालेली दत्तक मुले इंटरनेटवर जाहिरात देऊन परस्पर दुसऱ्यांच्या हवाली केली जात होती. एकाच याहू ग्रुपवर सरासरी आठवड्याला एक मूल, बहुतेक परदेशांतून आणलेली. २०२० मध्ये ओहायोतल्या एका यूट्यूबवाल्या जोडप्याने चीनहून आणलेल्या मुलाच्या चित्रफितींवर प्रायोजक मिळवले आणि तीनेक वर्षांनी मूल झेपत नाही म्हणून दुसऱ्या घरी दिले. मुंबईच्या आश्रमातून १९८९ साली अमेरिकेला गेलेली एक मुलगी, तिच्या नागरिकत्वाचे कागद कुणी पुरे केलेच नाहीत. एका गुन्ह्याचे निमित्त होऊन २००८ मध्ये तिला मुंबईला आणून सोडले. तिची दोन मुले अमेरिकेत, तिला इथली भाषा येत नाही, इथे ओळखीचे कुणी नाही. तिच्या परतीच्या विमानतळावर फुगे नव्हते.

आता नेहमीचा आक्षेप. मग काय, मुले आश्रमात कुजू द्यायची? मुळीच नाही. ज्याला खरोखर कुणी नाही त्याला घर मिळालेच पाहिजे, ते डिचोलीत मिळो नाहीतर डेन्मार्कमध्ये. उलट ह्या बाबतीत आपणच आधी आरशात पाहावे. २०२४-२५ मध्ये काराच्या नोंदीप्रमाणे ४,५१५ दत्तके झाली, त्यांतली ४,१५५ देशातच. रांगेत उभ्या असलेल्या पालकांची संख्या तीस हजारांच्या वर आहे. तरीही मुले परदेशी का जातात? कारण आपल्याला तान्हे, धडधाकट आणि जमल्यास गोरे मूल हवे असते. आठ वर्षांचा, ऐकू न येणारा, हृदयाला भोक असलेला मुलगा आपण नाकारतो आणि तो परदेशी जातो. विक्सच्या २०१८ च्या जाहिरातीत बंगळूरच्या लोबो दांपत्याने त्वचेच्या दुर्धर विकाराची मुलगी वाढवल्याची खरी कहाणी होती. आपण तिच्यावर रडलो, ती एकमेकांना पाठवली आणि रांगेत पुन्हा तान्ह्या बाळासाठी उभे राहिलो.

पण दुबळ्या मुलाला परदेशी घर मिळाले, हे खरे असले म्हणून त्याच्या आईला पुसून टाकण्याचा परवाना मिळत नाही. आणि दुसरेही सांगतो. हातात पैसे नाहीत एवढ्याच कारणाने मूल देणारी आई असेल, तर तिला दत्तकाची नाही, मदतीची गरज आहे. जे पैसे एक मूल नेण्यात जातात त्यांत कित्येक घरांतली मुले आपापल्या आईजवळ राहतील. पण त्याची जाहिरात कशी करणार? आई आणि मूल होते तिथेच आहेत, ह्यात दाखवण्यासारखे काय आहे!

परोपकाराच्या चित्रावर भाबडेपणाने विश्वास ठेवण्याची किंमत गोव्याने मोजलेली आहे. फातोर्ड्याला 'गुरुकुल' नावाने निराधार मुलांचे घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला गावात मान होता. १९९१ मध्ये तो पकडला गेला, मुलांवर काय काय झाले ते बाहेर आले, १९९६ साली जन्मठेप झाली. हे दत्तकाचे प्रकरण नव्हे आणि दत्तक घेणाऱ्यांना त्या पंक्तीत बसवण्याचा माझा हेतू नाही. पण 'अनाथांचा आश्रयदाता' ही पाटी दिसली की प्रश्न विचारणे असभ्य, ही आपली जी सवय आहे, तिच्या आडोशाला तो वर्षानुवर्षे सुखरूप राहिला, हे विसरता येत नाही.

म्हणून आमच्या संपादकांना, वार्ताहरांना सांगणे एवढेच. परदेशी जोडपे आणि मूल ह्यांची बातमी पुढच्या खेपेला टेबलावर आली, तर फोटो छापू नका. नशीब, उपकार, कचराकुंडी हे शब्द खोडा. विचारा, मूल कुठून आले, आईचा शोध कुणी घेतला, किती दिवस घेतला, ती सूचना कुठल्या पत्रात, कुठल्या भाषेत छापली. परदेशातून कुणी तिशी-चाळिशीची मुलगी आईच्या शोधात आली, तर तिच्या डोळ्यांतले पाणी टिपण्याआधी संस्थेच्या दप्तराचे काय झाले ते विचारा. आणि ती बेवारस मुलांची सूचना निविदांच्या पानावरून काढून पहिल्या पानावर आणा, तीन महिने तरी करून पाहा. आकाशवाणीवर वाचा, बसस्थानकावर लावा, जिथून मजूर येतात त्या कर्नाटकातल्या, झारखंडातल्या, ओडिशातल्या भाषांत छापा. एखादी देवकी त्यातून पोचली, तर कुठल्याही पुरवणीत ह्याहून मोठी बातमी नसेल.

वाचकांनी एक करावे. अशी जाहिरात किंवा बातमी समोर आली की डोळे पुसण्याआधी एकदा त्या चित्राच्या कडा तपासाव्यात. कात्री कुठे चालली आहे ते लगेच कळते.